झिऱ्याची नोंद

गावात मला भांडखोर म्हणतात. म्हणू देत. वीस वर्षांवर अंगणवाडी चालवली की बाई भांडखोर होतेच. भांडल्याशिवाय इथं साधा फुटका पत्रा बदलून मिळत नाही. पण ज्या भांडणानं आमच्या शिवारातली नदी वाचली, ते मी नदीसाठी केलंच नव्हतं. ते झालं होतं डाळीवरून.

अंगणवाडीच्या नोंदवहीत रोज भरायचा एक रकाना असतो, 'पिण्याच्या पाण्याचा स्रोत'. त्यात मी पहिल्या दिवसापासून लिहीत आले, 'नदीतला झिरा'. महिन्याकाठी तपासणीला येणाऱ्या मॅडम ते वाचून कपाळाला हात लावायच्या. गावात नळ योजना झालेली आहे, कागदावर तसं आहे, मग हा झिरा तुम्ही कुठून काढलात, म्हणून मला झापायच्या. मी म्हणायचे, मॅडम, नळ आहे, पण त्याला बोअरचं मचूळ पाणी येतं. दोन तास ढणाढणा जाळ घातला तरी त्यात तूरडाळ शिजत नाही, टणकच राहते, आणि लेकरांची पोटं बिघडतात. मग त्या लाल पेनानं शेरा मारायच्या, 'स्रोत दुरुस्त करावा. नळ लिहावे.' त्याच्याखाली मी निळ्या पेनानं लिहायचे, 'नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही.' खाली त्यांची सही, माझी सही. दर महिन्याला हेच चालायचं. एकदा तर त्या वैतागून म्हणाल्या, बाई, नळ लिहायला तुमचं काय जातं? काही जात नव्हतं. पण मी रोज सकाळी घागर कुठून भरून आणते ते मला माहीत होतं, आणि खोटं लिहायला माझा हात वळत नव्हता.

आता झिरा म्हणजे काय ते सांगते. आमचं गाव कऱ्हेच्या काठी, मोरगावहून कऱ्हाटीकडं येताना लागतं. कऱ्हा म्हणजे पावसाळ्यातले थोडे दिवस नदी आणि बाकी वर्षभर नुसती वाळू. परगावचा माणूस पुलावरून बघतो आणि म्हणतो, हितं काय हाय? पण त्या वाळूच्या पोटात पाणी असतं. योग्य जागी हात-दोन हात वाळू सारली की खड्ड्यात स्वच्छ पाणी झिरपायला लागतं. तोच झिरा. पुरानं तो दरवर्षी बुजतो आणि दरवर्षी नव्या जागी काढावा लागतो. म्हणून विहिरीसारखी त्याची सातबाऱ्यावर नोंद नाही की त्याला कुणी मालक नाही.

माझं माहेर पळसदेवचं. तिथं उजनीचं पाणी अगदी दाराशी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ वर यायचं आणि आम्ही पोरी चिखलातून तिथपर्यंत धावायचो. वडील होडी घेऊन मासे धरायचे. त्या पाण्याच्या गावातून मी या कोरड्या नदीवर नांदायला आले, तेव्हा पहिले आठ दिवस लपून रडले. पुढं माहेरी गेले की तिथल्या पाण्यात वाळू उपसणाऱ्या बोटी दिसायला लागल्या. दिवसभर त्यांच्या इंजिनांची धडधड. वडील म्हणायचे, तळाला एवढाले खड्डे पडलेत की जाळं कुठं टाकावं कळत नाही, आणि मासा तर पाठ फिरवून गेला. वाळू गेली की काय होतं ते मी माहेरीच बघून ठेवलं होतं.

सासरी मला झिरा दाखवला तो सासूबाईंनी. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. दिवाळी झाली आणि नदीची धार तुटली, की आत्या पहाटे नदीत उतरायच्या. चपला काठावर काढून वाळूतून सावकाश चालायच्या, आणि एका ठिकाणी थांबून म्हणायच्या, हितं. पावलाला गार लागतं म्हणे. मला तर सगळी वाळू सारखीच गार लागायची. मग त्या खाली बसून हातानं आणि नारळाच्या करवंटीनं वाळू काढायच्या. खोरं, फावडं, काही चालायचं नाही. झिऱ्याला लोखंड लावायचं नाही, हा नियम. लोखंड लावलं की पाणी खाली पळतं, असं त्या म्हणायच्या आणि मी मनात हसायचे. पुढं एकदा मीच घाईनं फावडं घातलं, तर कडा ढासळल्या, खालचा गाळ वर आला आणि दोन दिवस पाणी निवळलं नाही. तेव्हापासून हसणं बंद. पहिलं पाणी तीनदा उपसून टाकायचं आणि चौथं भरायचं. आणि वर्षाची पहिली घागर कुणाच्या घरी? तर गावात सगळ्यात लहान लेकरू ज्या घरात असेल त्या घरी. मग ते घर कुणाचंही असो.

बारामतीत मजल्यांवर मजले चढत होते आणि त्यांना वाळू लागत होती. खालच्या अंगाच्या एका गावानं आपली नदी ठेकेदाराला दिली. पोकलेन आले, दोन हंगामात खडक उघडा पडला. त्या गावच्या बायका मग हंडे घेऊन आमच्या झिऱ्यावर यायला लागल्या. आत्यांनी कुणाला परत लावलं नाही, पण त्या गेल्या की नदीकडं बघत बसायच्या.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे. आमच्या गावात ती सभा कशी व्हायची? सरपंचांच्या घरी हळदीकुंकवाला. संक्रांतीचे दिवस असतातच. सरपंच म्हणजे माझे चुलत दीर, त्यांची बायको माझी जाऊ. सगळ्या बायका नटूनथटून यायच्या, तिळगूळ, अत्तर, वाण. आणि दाराशी पंचायतीचं रजिस्टर. वाण घ्यायचं आणि सही करायची. वर पान कोरं असायचं. झाली महिला सभा! वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि यात काही वावगं आहे हे आम्हा एकीच्याही डोक्यात आलं नाही. रजिस्टर कुणाच्या हातात असायचं? माझ्या. शिकलेली म्हणून. बाई, कुठं करू सही, असं विचारत बायका यायच्या आणि मी बोट ठेवून दाखवायचे, हितं. त्या वर्षी वाणाला स्टीलची वाटी होती. मी रांगेनं सगळ्यांच्या सह्या घेतल्या, ज्यांना येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले आणि शेवटी स्वतःची ऐटबाज सही ठोकली. मोठ्या हुशारीनं.

शिमग्याच्या आधी पंचायतीच्या फळ्यावर एक कागद लागला. आमच्या शिवारातल्या नदीच्या पट्ट्याचा वाळू लिलाव. ग्रामसभेची संमती आहे, महिला सभेचीही आहे, सभेची तारीख अमुक. ती तारीख मी दोनदा वाचली. तो हळदीकुंकवाचा दिवस होता. कोऱ्या पानावर सह्या मी घेतल्या होत्या आणि वरचा ठराव नंतर लिहिला गेला होता.

तशीच तणतणत भावजींकडं गेले. माणूस वाईट नाही हो. गावाला रस्ता होईल, देवळाला सभामंडप होईल, वाळू काय दरवर्षी वाहून येतेच, असं त्यांचं म्हणणं. त्यांना ते खरंच वाटत होतं. मी म्हटलं, खालच्या गावात आली का वाहून? त्यावर ते म्हणाले, वहिनी, कागद वर गेलाय. आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत जवळ असला तर लिलाव होत न्हाय, खरं हाय; पण आपल्या नदीत तसा कुठला स्रोत नोंदवलेला हाय? मी चपला पायात सरकवल्या आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी बायकांना अंगणवाडीत बोलावलं. लेकरांच्या बुटक्या खुर्च्यांवर आणि सतरंजीवर बसल्या सगळ्या. मी उभी राहून सांगून टाकलं. लपवलं काही नाही. कुणी ओरडलं नाही, तेच जास्त लागलं. शेजारची म्हातारी एवढंच म्हणाली, "तू बोट ठेवलंस म्हणून आमी अंगठा दिला."

घरी आत्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांच्या कानावर सगळं आलेलं होतं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुला वाचता येतं म्हणून तुझ्यावर सोडलं व्हतं." आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. भाकरी घ्यायच्या, कालवण घ्यायच्या, बोलायच्याही कामापुरतं. पण पाण्याचा तांब्या मी पुढं केला की तो तसाच ठेवून स्वतः उठायच्या आणि माठातून बुडवून घ्यायच्या. सत्तरी उलटलेली बाई, गुडघे धरून उठायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, तुमच्या दोघींच्या मधी मी पडत न्हाय बाबा, आणि कारखान्याच्या पाळीवर निघून गेले.

मग मी हरकतीचा अर्ज लिहिला. घरोघर फिरले. या वेळी आधी अख्खा अर्ज मोठ्यानं वाचायचे, समजला का म्हणून विचारायचे आणि मगच पेन द्यायचे. एक आजी तर म्हणाली, परत वाच. परत वाचला. सगळ्यांनी सह्या केल्या, माझ्यावर विश्वास म्हणून नाही, तर ऐकलं म्हणून. आणि तेच बरोबर होतं.

अर्जावरून तालुक्याचे साहेब जागा बघायला आले. ऊन मी म्हणत होतं. एका बाजूला भावजी आणि चार पंच, दुसऱ्या बाजूला आम्ही पन्नासेक बायका. नदी ठणठणीत; दिवाळीला काढलेला झिराही त्याच आठवड्यात आटलेला, नवा अजून काढायचा होता. भावजी म्हणाले, साहेब, तुमीच बघा, पाण्याचा टिपूस तरी हाय का? साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी आत्यांकडं बघितलं.

आत्यांनी चपला काढल्या. तापलेल्या वाळूतून चालायला लागल्या. थांबल्या, बसल्या, करवंटीनं वाळू काढायला लागल्या. हातभर गेल्या, दोन हात गेल्या. नुसती ओलसर वाळू. पंचांतला एक जण गालात हसला. आत्या उठल्या, पुढं गेल्या. त्यांचे पाय भाजत असणार, पावलाला गार कुठून लागणार? देवा, आज नको, म्हणत होते मी. एका दगडाच्या अंगाला त्या परत बसल्या. या वेळी बराच वेळ गेला. मग त्यांनी हात वर काढला आणि बोटांवरून पाणी ओघळलं. बायकांच्यात एकदम गलका झाला.

त्यांनी तीनदा पाणी उपसून टाकलं. साहेब टोपी काढून खड्ड्यात वाकून बघत होते. भावजींनी म्हटलं, "आज खड्डा काढला म्हणून तो स्रोत झाला का? कागद दाखवा." आणि साहेबही म्हणाले, ताई, त्यांचं बरोबर आहे, मला जुनी नोंद लागेल.

मी पिशवी उघडली. आतापर्यंतच्या सगळ्या नोंदवह्या आणल्या होत्या, उंदरांनी कोपरे कुरतडलेल्या, खिचडीच्या तेलाचे डाग पडलेल्या. साहेबांच्या हातात एकेक ठेवत गेले. नदीतला झिरा. नदीतला झिरा. नदीतला झिरा. दर महिन्याच्या शेवटी लाल शेरा, 'स्रोत दुरुस्त करावा', खाली माझं 'डाळ शिजत नाही', आणि खाली दोघींच्या सह्या, तारखेसकट. साहेब पानं उलटत गेले आणि हसायला लागले. म्हणाले, ताई, या मॅडम तुम्हाला एवढी वर्षं रागावल्या नसत्या, तर ही नुसती तुमच्या हातची वही राहिली असती. इथं तर दर महिन्याला सरकारचीच सही आहे! मला मॅडमचा लाल पेन तेव्हा इतका गोड वाटला म्हणून सांगू.

तरीही एक गोष्ट उरली होती. बायकांची संमती कागदावर होती, आणि खाली आमच्याच सह्या होत्या. साहेब तो ठराव काढून बघत होते. एवढ्यात कुणीतरी त्यांना झिऱ्याचं पाणी दिलं. उन्हाचं म्हणून बायकांनी येताना कमरेला वाट्या खोचून आणल्या होत्या, संक्रांतीच्याच, नव्या म्हणून. साहेब गटागटा प्यायले, परत मागितलं. दुसऱ्यांदा पिताना त्यांची नजर वाटीच्या कडेवर गेली. आमच्याकडं वाणाच्या भांड्यावर देणारीचं नाव आणि तारीख कोरून घेतात. साहेबांनी वाटी उन्हात धरून वाचली. मग हातातला ठराव वाचला. मग परत वाटी.

"ही वाटी कुणी दिली?"

सरपंचांच्या तोंडावर त्यांच्या बायकोचं नाव कोण घेणार? मीही नाही घेतलं, खोटं कशाला बोलू; तिला घरी जाऊन नांदायचं होतं. पण बायकांच्या मागून जाऊबाईच पुढं आली. डोक्यावरचा पदर नीट केला, नवऱ्याकडं बघितलं नाही.

"मी दिली," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्या घरी हळदीकुंकू व्हतं. सभा न्हाय झाली. मीबी कोऱ्या पानावरच सही केलीया."

भावजी खाली वाळूकडं बघत राहिले. साहेबांनी तिथंच, वाळूत उकिडवं बसून, पंचनामा लिहिला, आणि मी म्हटलं, साहेब, आधी मोठ्यानं वाचा. त्यांनी वाचला. मग आम्ही सह्या केल्या.

पुढं बायकांची सभा नव्यानं लागली. मी हट्ट धरला, सभा नदीतच घ्यायची. सतरंज्या वाळूत अंथरल्या, ग्रामसेवकांनी ठराव आधी लिहिला, मग वाचला, मग सह्या. वाळू द्यायची नाही. एकही हात खाली राहिला नाही. आणि जाऊबाईचे तर दोन्ही हात वर! आमचा पट्टा लिलावाच्या यादीतून निघाला. निघाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी अंगणवाडीत शिरा केला, लेकरांना पोटभर वाढला, आणि स्वतःही दोन वाट्या हाणला. महिनाअखेरीला मॅडम आल्या. रकाना बघितला, पेन उघडला आणि लाल अक्षरात लिहिलं, 'नोंद बरोबर आहे.' ते पान मी कुणी आलं की अजून उघडून दाखवते. मिरवते म्हणा हवं तर.

पण आत्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. उन्हाळा गेला, पाऊस गेला, गणपती झाले. गाव मला शाबासकी देत होतं आणि घरी तांब्या तसाच राहत होता. मी रागावले नाही. माझं बोट मी विसरले नव्हते.

दिवाळी झाली, धार तुटली. पहाटे आत्यांनी मला उठवलं. नदीच्या काठापर्यंत माझ्या खांद्याला धरून आल्या आणि तिथंच दगडावर बसल्या. ओटीतून करवंटी काढून माझ्यापुढं धरली.

"जा. तू बघ."

मी चपला काढल्या. कितीतरी वेळ चालले. सगळी वाळू सारखीच गार. आता परत फिरून हार मानावी असं वाटायला लागलं, आणि एका जागी टाच एकदम गार पडली. कशी, ते सांगता येणार नाही. खाली बसले, हातानं उकरलं. कोपरापर्यंत हात गेला आणि पाणी आलं. आलं हो! मी एकटीच वाळूत बसून हसत होते आणि डोळे पुसत होते. तीनदा उपसून टाकलं, चौथ्यांदा घागर भरली.

त्या वर्षी गावातलं सगळ्यात लहान लेकरू सरपंचांच्या घरी होतं, नुकताच झालेला नातू. नियम म्हणजे नियम. पण आधी करवंटी भरून काठावर आले आणि आत्यांपुढं धरली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "गोड हाय. जा, घागर दिऊन ये."

घागर कमरेवर घेऊन मी भावजींच्या दारात गेले. त्यांनीच ती उतरवून घेतली. मग अंगणवाडी उघडली, लेकरांची हजेरी घेतली आणि डाळ शिजत घालून वही पुढं ओढली. रकान्यात लिहिलं, 'नदीतला झिरा'. आणि पुढं, कुणी विचारलं नव्हतं तरी, लिहिलं, 'मी काढलेला'.